गालिच्याखालचा साग

जुन्या घरातला गालिचा उचलला आणि खाली लाकडी फळ्या निघाल्या, की घरात पहिला विषय निघतो तो पॉलिशवाल्याचा. तुमचं घर छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत असेल, म्हणजे गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार, जुना बाजार, बेगमपुरा या भागात, तर त्याला बोलवण्याआधी जिना उतरा. खालच्या खोलीत उभं राहा आणि मान वर करून बघा. वरच्या जमिनीची निम्मी कुंडली खालून वाचता येते.

खाली दिसतो तो कडीपाट. खांबांवर जाडजूड तुळया, तुळयांवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या, आणि कड्यांवर आडवे टाकलेले सागवानी पाट. खालच्यांना जे छत, तेच वरच्यांना जमीन. विलायतेतल्या घरांत फळीवर थेट पाय पडतो. त्या देशांत गालिचा काढून जमीन घासायची हौस आली ती त्यामुळे. आपल्याकडे बऱ्याच घरांत पाय आणि पाट यांच्यामध्ये मातीचा थर असतो. पाटांवर पाला, त्यावर चिकण माती किंवा चुन्याचा कोबा, वर सारवण. पुढे सारवणाच्या जागी शहाबादी फरशी आली, मग तिचा गारठा नको म्हणून लिनोलियम, त्यावर गालिचा. पाटांवर माती घालणारा माणूस अडाणी नव्हता. मातीमुळे वरच्या पावलांचा धपधपाट खाली जात नाही, फटींतून ताटात धूळ गळत नाही, वर पाणी सांडलं तर ते आधी माती पिते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या छताचा दाह खाली पोचायला संध्याकाळ होते.

काही ठिकाणी मात्र फळ्या खरोखरच चालण्यासाठी असतात. माडीवरचा दिवाणखाना, सज्जा, एखादी पोटमाळ्याची खोली. तिथं गालिच्याखाली लिनोलियम आणि त्याखाली सरळ लाकूड. आपल्याकडे यातलं काय आहे, हे ओळखायचं कसं? बोटाच्या पेराने ठोकून थोडा अंदाज येतो. खरा पुरावा वेगळाच आहे: रंधा कुठल्या बाजूला मारलाय ते पाहा. हाताने रंधा मारणं हे घामाचं काम. जी बाजू दिसणार तीच सुतार गुळगुळीत करी, दुसरी करवतीखालून आली तशीच सोडून देई. चालायच्या फळीची वरची बाजू गुळगुळीत असते. मातीखालच्या पाटाची गुळगुळीत बाजू खाली असते, कारण तो दिसणार होता खालच्यांना. म्हणून माती उपसल्यावर खडबडीत, करवतीच्या रेघांनी भरलेले पाट निघाले, तर तुम्हाला जमीन सापडलेली नाही. तुम्ही एका देखण्या छताची पाठ बघताय. मशीन लावून ती पाठ घासणं म्हणजे चांगल्या साडीला उलट्या बाजूने इस्त्री करत बसणं.

ती पाठ वाचण्यासारखी मात्र असते. लांब आरा दोन माणसांनी वरखाली ओढून कापलेल्या फळीवर रेघा सरळ पण कमीजास्त अंतराने पडतात. मध्येच एखादी तिरकी जाते, तिथं कुणाचा तरी हात थकलेला असतो. कमानीसारख्या गोल रेघा असतील तर फळी गोल पात्याच्या यंत्रावर कापलेली. खिळ्याचं अंग चौकोनी असेल तर तो लोहाराच्या ऐरणीवरचा. गुळगुळीत गोल असेल तर कारखान्यातला, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा. १९०० च्या सुमारास निजामाच्या गोदावरी खोरे रेल्वेने औरंगाबाद एकीकडे मनमाडला आणि दुसरीकडे हैदराबादला जोडलं. त्याआधी तुळईएवढं लाकूड शहरात यायचं ते बैलांच्या जिवावर. एका खोलीत चौकोनी खिळे आणि शेजारच्या खोलीत गोल, असा वाडा भेटला तर तो दोन खेपांत बांधला किंवा दुरुस्त झाला असं धरून चालायला हरकत नाही.

आता खुद्द लाकडाकडे येऊ, कारण सगळ्यात चकित करणारी गोष्ट तिथं आहे. झाड तोडून शंभर-दीडशे वर्षं झाली तरी फळीचा पाण्याशी व्यवहार थांबलेला नसतो.

लाकूड मुख्यतः सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं आणि या साखळ्यांना पाण्याची ओढ असते. हवेतले पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना किंचित दूर सारतात. साखळ्या धावतात त्या खोडाच्या उभ्या दिशेने, त्यामुळे फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. जुन्या जमिनीत फटी दिसतात त्या नेहमी दोन फळ्यांच्या लांब कडांमध्ये, याचं कारण हेच. मराठवाड्यातला मे महिना, चाळीस अंशांचं ऊन आणि कोरडी ठाक हवा: अशा हवेत लाकूड पुरेसा काळ राहिलं तर त्यातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ४-५ टक्क्यांवर येतं. श्रावणातल्या दमट हवेत तेच १५ टक्क्यांकडे चढतं.

टक्केवारीने काही कळत नाही, म्हणून हिशोब करू. तीन मीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद आणि एक इंच जाड सागवानी फळी कोरडी साधारण नऊ किलो भरते. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे नऊशे ग्रॅम पाणी. जवळजवळ लिटरभर! ते कुणी ओतलेलं नसतं, फळीने नुसत्या हवेतून घेतलेलं असतं. चार मीटर रुंदीच्या खोलीत अशा वीस फळ्या बसतात. म्हणजे जमिनीने मे ते ऑगस्टच्या दरम्यान पाण्याची एक मोठी बादली प्यायली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत हवेला देऊन टाकली. त्याच हिशोबाने, खोडाच्या कडेकडून कापलेली फळी साडेतीन मिलिमीटरच्या वर रुंद होते. वीस फळ्यांचे मिळून सात सेंटिमीटर! घरातली हवा बाहेरच्याइतकी टोकाची नसते आणि फळी निवांत चालते, त्यामुळे प्रत्यक्षात ती निम्म्या वाटेवरून परत फिरते. तरी सुताराने फळ्यांमध्ये मोकळीक का ठेवली, आणि भिंतीला फळी का टेकवली नाही, हे आता सांगायला नको. उन्हाळ्यात त्या फटी पाहून ज्याने घट्ट लांबी (पुट्टी) भरून घेतली, त्याच्याकडे पावसाळ्यात फळ्यांना जागाच उरत नाही. त्या लांबी चिरडून टाकतात, किंवा खिळ्यांसकट उचलल्या जातात.

गंमत अशी, की हे सगळं सागाच्या बाबतीत कमीत कमी आहे. दुसरी बरीच लाकडं याहून जास्त हलतात. सागाच्या गाभ्यात रबरासारखा आणि तेलकट माल असतो, म्हणून ताजा रंधा मारलेल्या सागावरून हात फिरवला तर तो मेणचट लागतो. त्यात टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं, ते वाळवीला सोसत नाही. मात्र हे संरक्षण फक्त गाभ्याला. सालीलगतच्या फिक्या लाकडात झाडाने पिष्ट साठवलेलं असतं आणि भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. जुन्या फळीच्या एकाच कडेला पिवळट पट्टा असतो, त्यात टाचणीएवढी भोकं असतात, खाली पिठासारखा भुसा पडलेला असतो. आणि बोटभर पलीकडे तपकिरी लाकूड जसंच्या तसं. फळी सडली म्हणून फेकून देणारे हा फरक बघतच नाहीत. फिका पट्टा तासून काढला, तर उरलेली फळी अजून दोन पिढ्या सहज पुरते.

जिन्याच्या तोंडाशी फळीचं कापलेलं टोक उघडं असतं. तिथं धारदार पात्याने नखाएवढा भाग साफ करा, ओलं बोट फिरवा आणि भिंग लावा. बारीक छिद्रांची एक रांग दिसेल, मग दाट गडद लाकूड, मग पुन्हा छिद्रांची रांग. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत अशी स्पष्ट वर्तुळं पडत नाहीत. साग उन्हाळ्यात पानं गाळून स्वस्थ बसतो, पावसाची चाहूल लागली की घाईने मोठ्या नळ्या तयार करून पाणी ओढू लागतो आणि पाऊस सरता सरता वाढ आवरती घेतो. छिद्रांची एक रांग म्हणजे एका पावसाळ्याची सुरुवात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यातून मोठं काम उभं केलं. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाच्या वर्तुळांवर लिहिलं. पुढे बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या सागांवरून ५२३ वर्षांची सलग नोंद जुळवली आणि तिच्यात एल निनोच्या, अवर्षणाच्या वर्षांच्या खुणा शोधल्या. ते संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या फळीतली एखादी चिंचोळी रांग १८७६-७८ च्या दुष्काळाचीही असू शकेल. ते ठरवायला झाड कुठल्या जंगलातलं हे ठाऊक हवं आणि तिथल्या दुसऱ्या झाडांशी वर्तुळं जुळायला हवीत. पण कार्पेटखाली पावसाळे एकाखाली एक मांडून ठेवलेले आहेत, एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

लाकूड किती टिकतं, या प्रश्नाची दोन टोकं आपल्याच मुलखातली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. डोंगराच्या पोटात, पावसापासून दूर, हवा खेळती. आणि मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागातून बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतंय. (आपल्या संभाजीनगरकरांना याहून जवळचा दाखला हवा असेल तर वेरूळचं दहावं लेणं. छताच्या दगडात कमानी कोरल्यात त्या हुबेहूब लाकडी कड्यांसारख्या. बांधकामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण छत म्हटलं की लाकडाच्या कड्या, ही सवय कारागिरांच्या डोळ्यांत इतकी मुरली होती की दगडातही ती सुटली नाही. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात ते उगीच नाही.)

मग वाड्यांतलं लाकूड जातं ते कशाने? वयाने क्वचितच. ते जातं कोंडलेल्या ओलीने. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर पाणी लागतं. त्याखाली तिचं काही चालत नाही. आपल्या हवेत उघडी फळी भर पावसाळ्यातही सहसा त्या रेषेच्या खाली राहते. पण तिच्यावर लिनोलियम चिकटवलं, त्यावर रबरी पाठीचा गालिचा टाकला आणि खालून प्लास्टर ऑफ पॅरिसचं फॉल्स सीलिंग मारलं, की आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट राहत नाही. पुसताना सांडलेलं, खिडकीतून आलेलं, न्हाणीघराच्या भिंतीतून पाझरलेलं, सगळं तिथंच मुक्कामाला. माझ्या मते जुन्या जमिनींचं सर्वांत जास्त नुकसान दीडशे वर्षांच्या वापराने केलेलं नाही, शेवटच्या चाळीस वर्षांतल्या हौशीने केलंय.

म्हणून गालिचा काढल्यावर फळीचा रंग नंतर बघावा, आधी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघावं. तिथं भिंतीची ओल थेट लाकडाच्या उघड्या नळ्यांत शिरते. पेचकस टोचून पाहा: बोथट टक्क आवाज आला तर ठीक, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर काम थांबवा आणि जुन्या इमारतींची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि ती कुठून येतेय हे शोधल्याशिवाय नुसती फवारणी व्यर्थ. पूर्वी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल लावत. ते गुणकारी असलं तरी अंगावर फोड उठवतं. आज त्याऐवजी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण बरं.

मातीचा थर काढावा का, यावर घरोघरी वाद होतात. एक चौरस मीटरवर वीतभर जाडीची माती म्हणजे तीनशे किलोंच्या वर भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीची जड माळवदं आणि सांधा नसलेल्या दगडी भिंती यांनी काय केलं, हे मराठवाड्याला सांगावं लागत नाही. त्याच भूकंपात कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेही पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलंय. भार कमी करणं चांगलंच; फक्त काढलेल्या मातीच्या जागी काँक्रीटचा स्लॅब ओतून नव्याने वजन आणि ओल दोन्ही कोंडू नये.

आता साफसफाई. लिनोलियमखालचा काळा डिंक आणि जुन्या काळच्या काही फरश्या यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या थरांवर भरवसा नको. पॉलिश पेपरचं मशीन फिरवलं की हीच धूळ पोराबाळांच्या छातीत जाते. मशीन आणखी एका कारणाने नको: एका खेपेत ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर लाकूड खातं, आणि इंचभर फळीला अशा फार खेपा परवडत नाहीत. जुने पॉलिशवाले काचेच्या तुकड्याची ताजी धार फळीवर तिरकी धरून ओढतात. कागदाहून पातळ साल निघते, धूळ नाही, आणि खालचा जुना मधासारखा रंग राहतो. हा रंग उजेडाने आणि हवेने वर्षानुवर्षं चढवलेला असतो. नुकताच कापलेला साग हिरवट-पिवळा, डागाळलेला दिसतो. तो नंतर सोनेरी होतो. गालिच्याची किनार जिथं होती तिथं फळीवर स्पष्ट रेघ दिसते, कारण आतल्या भागाला उजेड मिळाला नाही. ती रेघ घासून काढायला जाऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा, बरीचशी आपोआप पुसट होते.

फटींचं काम दिवाळी उलटल्यावर काढावं. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या तोवर मध्यावर येतात, मेमधल्यासारख्या आक्रसलेल्या नसतात. मोठ्या फटीत सागाचीच बारीक पट्टी एका कडेला चिकटवावी, दुसरी कडा मोकळी. केसाएवढ्या फटी तशाच राहू द्याव्यात.

वर काय लावायचं, इथं अजिंठा आठवतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटू लागलेले रंगलेप त्यांनी भिंतींना पक्के बसवले, हे त्यांचं मोठंच काम. पण चित्रांवर जे व्हार्निश आणि लाखेचे लेप चढले ते पुढे पिवळे पडले, त्यांनी धूळ धरली, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरवायला दशकं घालवावी लागली. जतन करणाऱ्यांचा दंडक असा, की लावायचं ते उद्या काढता आलं पाहिजे. आपली जमीन अजिंठा नव्हे, पण हा दंडक तिलाही लागू. पॉलियुरेथेनचा काचेसारखा थर दोन वर्षं झकास दिसतो. मग खुर्चीच्या पायाशी सोलवटतो, आणि दुरुस्तीला अख्खी खोली घासावी लागते. लाखेचं पॉलिश स्पिरिटने उतरतं, पण त्यावर ओला तांब्या ठेवला की पांढरी चकती उमटते. चालायच्या जमिनीला मी जवसाचं तेल पसंत करीन.

या तेलाचीही एक नवलाई आहे. ते वाळतं असं आपण म्हणतो, पण त्यातलं उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, रेणू एकमेकांना जखडले जातात आणि तेलाचं घट्ट, लवचीक कातडं होतं. वाळलेलं तेल ओल्या तेलापेक्षा वजनाला जास्त भरतं! हात हलका ठेवून पातळ थर द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढावं, पुरतं सुकल्यावरच दुसरा. पण ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं. फळीवर ती हवेत निघून जाते. पुसायच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत साठत राहते, आणि काही तासांत, काडी न लावता, बोळा पेट घेतो. तेव्हा काम आटोपलं की त्या चिंध्या आधी पाण्याच्या बादलीत बुडवायच्या, मग घराबाहेर दोरीवर एकेक मोकळी पसरून वाळवायच्या आणि कडक झाल्यावरच फेकायच्या. मिस्त्री घाईत असला तरी तो जाण्याआधी हे आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यायचं.